चावीवाल्याची सहावी मैफल

जोगेश्वरी पूर्वेला आमचं जॅझ मंडळ आहे, असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास हसतो. वांद्र्याला असतं तर हसला नसता. जोगेश्वरीला भजनी मंडळ असावं, दहीहंडीचं पथक असावं, फार तर एखादं नाट्यमंडळ. जॅझनं आपली पायरी ओळखून राहावं, असा त्या हसण्याचा अर्थ. पूर्वी मी समजावत बसायचे. आता फक्त वेळ सांगते. ऑक्टोबर ते मार्च, दर महिन्याचा दुसरा रविवार, संध्याकाळी सहा. हसायचंच असेल तर तिथे येऊन हसा.

हे मंडळ उभं केलं चंद्रप्रकाश धुरी यांनी. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. वय अडुसष्ट, अंगकाठी किरकोळ, मान कायम थोडी पुढे झुकलेली. ती झुकली नोकरीत. तेहतीस वर्षं काका पाणीखात्यात चावीवाला होते. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, माणसाच्या उंचीची चावी खाली सोडायची आणि व्हॉल्व्ह फिरवायचा, की मग आपल्या नळाला पाणी. पहाटे त्यांनी किती फेरे दिले यावर अख्ख्या वस्तीची सकाळ ठरायची. एका पुढाऱ्याचा माणूस वर्षभर दर आठवड्याला येऊन सांगायचा, आमच्या गल्लीला पंधरा मिनिटं जास्त सोडा. काकांनी वर्षभरात अर्धा फेराही जास्त दिला नाही. लोक त्यांना खडूस म्हणत. काका म्हणत, "पाणी टाकीत मोजकंच असतं. एकाला जास्त म्हणजे दुसऱ्याच्या हंड्यात कमी." एवढं बोलून झाकण बंद.

ट्रम्पेट त्यांच्या हातात आला तो लग्नाच्या बँडमध्ये. वडील परळच्या गिरणीत होते. संप झाला, गिरणी गेली, आणि घरात कमावता म्हणून हा विशीतला मुलगा उरला. पाणीखात्याची नोकरी लागेपर्यंत आणि नंतरही सुट्टीच्या दिवशी ते बँडमध्ये वाजवत. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, मे महिन्याच्या उन्हात आतून घामाच्या धारा. बँडमास्तर होते वेसाव्याचे महादू कोळी. तरुणपणी त्यांनी शहरातल्या मोठ्या हॉटेलांत साहेबी कपडे घालून जॅझ वाजवला होता. हॉटेलांतलं संगीत थांबलं तसे ते वरातीत आले.

वरातीची गाणी ठरलेली. पण नवऱ्याला तयार व्हायला उशीर झाला, की बँड रस्त्यात नुसता ताटकळत उभा. अशा वेळी महादू मास्तर डोळे मिटून आपलं जुनं काहीतरी सुरू करत. एक साधी सुरावट घ्यायची, ती मोडायची, वाकवायची, पार अनोळखी करून टाकायची आणि पुन्हा घरी आणून सोडायची. मग भुवई उडवून काकांकडे बघत: आता तू. काका अजून सांगतात, "माझं सगळं शिक्षण नवऱ्यांच्या उशिरावर झालं. वेळेवर येणारा नवरा मला आजही आवडत नाही."

पण बँडची हद्द दारापर्यंत. मंगल कार्यालयाचं दार आलं की शेवटचा सूर लावायचा आणि थांबायचं. वऱ्हाड आत, बँड बाहेर. शेवटची पंगत उठल्यावर मागच्या जिन्याखाली पानं मांडली जायची ती बँडवाल्यांची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. काकांना वाटत असे. बँडवाल्याला मुलगी कोण देणार म्हणून त्यांची तीन स्थळं मोडली. चौथं मालनकाकूंचं. बघायच्या कार्यक्रमात काकू म्हणाल्या, "मी तुम्हाला दोनदा वरातीत ऐकलंय. नाचणाऱ्यांच्या गोंगाटात नीट कळलं नाही. एकदा आत बसून, शांतपणे ऐकायचंय."

ते 'एकदा' यायला तीस वर्षं लागली. निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच महिन्यात काकांनी मंडळ काढलं, आणि पहिल्या मैफलीला पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर मालनकाकू बसल्या. ती खुर्ची आजही त्यांचीच आहे. मंडळाचे नियमही काकांचेच. वादकांना चहा आणि काकूंचे घावणे आधी, श्रोत्यांना नंतर. सहा म्हणजे सहाला सुरुवात. बसून ऐकायचं. आणि मंडळाच्या नावातला जॅझ हा शब्द फलकावर सगळ्यांत मोठा.

आमच्या मैफली होतात तो हॉल म्हणजे काकांच्या चाळींचा हॉल. चाळीतल्या कोकणी बिऱ्हाडांनी रविवारचा रविवार विटा वाहून तो बांधला होता, काकांनीही वाहिल्या. पुढे चाळी पाडून तिथे टॉवर झाले, हॉलही पडला, पण करारात लिहून घेतलं होतं म्हणून त्याच जागेवर नवा बांधून मिळाला. फरशी चकचकीत, पंखे बिनआवाजाचे. आमचे पहिले हंगाम जुन्या हॉलमध्ये झाले, मधली काही वर्षं बांधकामात गेली, आणि गेल्या वर्षी नव्या हॉलमध्ये आम्ही पुन्हा सुरुवात केली.

आता माझं सांगते. मी रुचिरा. घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि रविवारी ड्रम वाजवते. माझे वडील भजनात पखवाज वाजवायचे, ताल तिथूनच आला. तिसरा आमचा नंदकिशोर. चष्म्याच्या दुकानात असतो आणि गिटार वाजवतो. दर मैफलीला बाहेरचा एखादा पाहुणा वादक येतो, पण घरचे आम्ही तिघेच.

नव्या हॉलमधल्या पहिल्या मैफलीआधी काकांनी गाऱ्हाणं घातलं. आम्हा मालवणी लोकांचं कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. नारळ ठेवायचा, जाणत्या माणसानं देवाला मोठ्यानं सगळं सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. म्हणायचं म्हणजे काय, ते निघतंच तोंडातून. शिंकेसारखं. लहानपणापासून ऐकलेलं असतं, वाक्य संपलं की जीभ आपोआप उचलते. आणि एकदा म्हटलं की तुम्ही त्यात आलात. देवासमोर शब्द दिलात.

काका एरवी मुंबईचं मराठी बोलतात. देवापुढे आणि रागात मालवणी.

"बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरां आज हंयसर एकठय जमली हत."

"व्हय म्हाराजा!"

"ऑक्टोबरापासून मार्चापर्यंत सहा मैफली करूचो इचार केलेलो हा. त्यो सगळ्यो ह्याच जाग्यार आणि ह्याच नावान पार पडांदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे काकांची चूक झाली. गाऱ्हाणं घालणारे मुरलेले लोक शब्दांत मागचा दरवाजा ठेवतात. 'तू देशील त्या जाग्यार' म्हणतात, 'जमतीत तितक्यो' म्हणतात. उद्या काही बिनसलं तर देवाचा आणि माणसाचा दोघांचा मान राहावा म्हणून. काकांनी आकडा सांगितला, जागा सांगितली, नाव सांगितलं आणि सगळे दरवाजे आतून लावून घेतले. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या आजी कुजबुजल्या, "ह्यो काय तरी इपरीतच बोललो." तोवर आम्ही सगळे व्हय म्हणून बसलो होतो.

पाच मैफली झकास झाल्या. पाचवीत मी थोडी वाहवत गेले. माझं एकटीचं वादन तीन मिनिटांचं ठरलं होतं, ते अकरा मिनिटं चाललं. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर कागद लागला: 'सभागृहात यापुढे फक्त भजन, कीर्तन, हळदीकुंकू व वाढदिवस यांनाच परवानगी राहील.' खाली सही सोसायटीच्या अध्यक्षाची. सुबोध.

सुबोध कुणी परका नव्हता. याच चाळीत वाढलेला. त्याच्या वडिलांनी काकांबरोबर विटा वाहिल्या होत्या. आता तो मोठ्या कंपनीत आहे, इस्त्रीचा शर्ट घालून मीटिंग घेतो. मी तडक त्याच्याकडे गेले.

"वाढदिवसाला डीजे चालतो तुला? काचा हादरतात तेव्हा तुझे कान कुठे असतात रे?"

"रुचिरा, यार, समजून घे ना. समोरच्या टॉवरमधून तक्रारी आल्यात. आणि खरं सांगू का, हे जॅझ वगैरे आपलं नाही गं. आपली संस्कृती वेगळी."

"तुझ्या बारशाला काकांनी वाजवलं होतं. तेव्हा कुणाची संस्कृती होती?"

तो आवाज खाली आणून म्हणाला, "एक कर. अर्जात भक्तिसंगीत लिही. मी सही करतो. आत काय वाजवता ते मी बघायला येणार नाही."

मला हे पटलं. लाज वाटते सांगायला, पण पटलं. नंदकिशोरलाही पटलं. आम्ही अर्ज लिहून काकांकडे नेला. काका चष्मा लावून वाचत होते, मालनकाकू बाजूला लसूण सोलत होत्या. काकांनी वाचून कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला स्वतःच्या हातानं नवा अर्ज लिहिला. जॅझ हा शब्द त्यांनी दोनदा गिरवला.

"अहो काका, एका शब्दानं काय होतंय?"

"भजन माझं आहेच. माझ्या बापाचं होतं, माझं आहे. पण महादू मास्तरांनी मला जे दिलं त्याला मी भजन म्हणायचं? चोरासारखं वेश पालटून आत न्यायचं? लाल कोट घालत होतो तेव्हा लोक म्हणायचे, हे तुझ्या घराण्यात नाही. आता हा पोरगा म्हणतो, हे आपलं नाही. मग माझं काय आहे, ते एकदा सगळ्यांनी मिळून ठरवा."

अर्ज अर्थातच नामंजूर झाला. वर मार्चच्या त्या दुसऱ्या रविवारी पाच ते आठ हॉल कांजूरमार्गच्या एका भजनी मंडळाला दिला गेला. तारीख मुद्दाम धरलेली, हे न कळण्याइतके आम्ही दुधखुळे नव्हतो. नंदकिशोरनं अंधेरीचं एक कॅफे शोधलं. मालक जागा द्यायला आनंदानं तयार होता. काका नाही म्हणाले. गाऱ्हाण्यात 'ह्याच जाग्यार' म्हटलं होतं.

"काका, देव समजून घेईल."

"देव घेईल रे. मीच घेणार नाही."

शेवटी मी म्हटलं, "मग हॉलच्या दाराबाहेर वाजवू. पायऱ्यांवर. बघू दे सगळ्यांना, कसं बाहेर काढलं ते. निषेध म्हणून." मला ती कल्पना फार आवडली होती. मनात फोटोसुद्धा काढून झाला होता.

काका उठले. इतके रागावलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "गो रुचिरा, आयुष्यभर दाराभायर वाजवलंय मी! दाराभायर वाजवलंय, दाराभायर जेवलंय, आणि आता म्हातारपणी पुन्ना दाराभायर? मेलंय तरी नाय!"

मालनकाकू तिथेच बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मी पण बाहेर उभी राहून ऐकणार नाही."

दोन दिवसांनी काकांनी आम्हाला बोलावलं. राग उतरला होता. आमच्या नेहमीच्या श्रोत्यांना निरोप द्या म्हणाले: रविवारी पावणेसहाला हॉलमध्ये भजनाला या. बस्स. पुढचं विचारलं तर म्हणाले, "भजनाला बंदी आहे का?"

तो रविवार आला. पावणेसहाला काका हॉलच्या दारात. पांढरा शर्ट, काखेत कापडी पिशवी, पिशवीत ट्रम्पेट. मागे नारळ घेऊन मालनकाकू, एक साधा ड्रम घेऊन मी, गिटार घेऊन नंदकिशोर, आणि आमचे साठेक श्रोते. सुबोध पुढे आला. "काका, इथे भजन चालू आहे."

"भजनाक इलंय," काका म्हणाले आणि आत गेले. मालनकाकू पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. एवढ्या माणसांना कुठल्या कारणानं अडवणार? सुबोध बाजूला झाला.

पेटीवर दर्शना बुवा होत्या. तिशीतली मुलगी, भरदार आवाज, मनगटावर काळं घड्याळ. आमच्या भजनात गाणारी बाई असली तरी तिला बुवाच म्हणतात. गौळण संपत आली होती. काका समोरच्या बाजूला, बुवांच्या नेमके तोंडासमोर, जमिनीवर मांडी घालून बसले. आम्ही दोघं त्यांच्या मागे. बुवांनी गाता गाताच एकदा वर पाहिलं. कोकणी भजनात तोंडासमोर असं बसण्याचा एकच अर्थ असतो, आणि तो त्यांना कळला. डबलबारी. दोन मंडळं समोरासमोर. एकानं आपली बारी गायची, दुसऱ्यानं तिला उत्तर द्यायचं.

गजर सुरू झाला. विठोबाच्या नावाचा गजर, लय चढत गेलेली, झांजांनी कान भरून गेलेले. बुवांनी तो टिपेला नेऊन सोडला. टाळ्या झाल्या. सहाला सात मिनिटं कमी होती.

काका उभे राहिले आणि हात जोडले. "बुवा, बारी झकास झाली. आता समोरच्याची बारी द्या."

"मंडळ कुठलं आपलं?"

"जोगेश्वरी जॅझ मंडळ."

सुबोध माईक घेऊन पुढे धावला. "एक मिनिट, एक मिनिट. हा फक्त भजनाचा कार्यक्रम आहे. बुवा, तुम्ही चालू ठेवा, यांचं काही मनावर घेऊ नका."

दर्शना बुवांनी पेटीचा भाता बंद केला. "दादा, समोर बसून उघड बारी मागितली आहे यांनी. मी नाही म्हटलं तर मी हरले. कांजूरवरून मी हरायला आलेली नाही." मग काकांकडे वळून म्हणाल्या, "पण ऐका बाबा. माझ्या गजराला उत्तर द्यायचं. भलतंच काहीतरी वाजवून पळालात तर सगळ्यांसमोर सांगेन."

"सांगा," काका म्हणाले आणि पिशवीतून ट्रम्पेट काढला.

पहिला सूर फाटला. अडुसष्ट वर्षांची छाती, त्यात रागाचा आठवडा. मागे कुणीतरी फिसकन हसलं. काकांनी ओठ पुसले, मालनकाकूंकडे पाहिलं आणि पुन्हा लावला. या वेळी सूर सरळ गेला, भिंतीपर्यंत. त्यांनी बुवांचाच गजर घेतला, जसाच्या तसा, एका मात्रेचाही फरक नाही. दोनदा वाजवला. हॉलमधल्या म्हाताऱ्यांनी माना डोलवल्या. आणि मग काकांनी तो मोडला. शेवटची ओळ आधी आणली, जिथे झांज पडते तिथे गप्प राहिले, जिथे श्वास घ्यायचा तिथे घुसले. मी ड्रमवर हलके ब्रश धरले, नंदकिशोर खालून साथीला आला. गजर अनोळखी झाला, उनाड झाला, वस्तीतून बाहेर पडून कुठेतरी भटकला, आणि सगळ्यांना वाटलं आता हरवला, तेव्हा काकांनी त्याला नेमका समेवर आणून उभा केला.

पखवाजवाल्याच्या तोंडून "आयला!" निघालं. देवासमोर निघालं, पण कुणी रागावलं नाही.

दर्शना बुवा मांडी बदलून बसल्या. त्यांनी काकांनी मोडलेली ओळ उचलली, तशीच मोडकी, आणि गळ्यातून आणखी वाकवून परत फेकली. काकांनी झेलली. त्यांनी पुन्हा फेकली. पखवाज आणि माझा ड्रम एकमेकांच्या अंगावर धावून जायला लागले. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. समोरच्या टॉवरमधले तक्रारवाले खिडक्यांत होते, पण खिडक्या लावत नव्हते. मालनकाकू मधल्या खुर्चीवर ताठ बसून, हात मांडीवर ठेवून, शांतपणे ऐकत होत्या. काका घामानं भिजले होते. मला अभिमान वाटत होता आणि रडू येत होतं, दोन्ही एकदम.

शेवटी बुवांनी हात जोडले. "बारी बरोबरीची," त्या म्हणाल्या. "फिरून बोलवा."

काकांनी ट्रम्पेट खाली घेतला. श्वास लागला होता तरी आवाज खणखणीत होता. "मंडळी, आता जे ऐकलंत, त्याला जॅझ म्हणतात. भजनाला उत्तर दिलं, पण भजन नव्हे. कुणी विचारलं तर दुसरं नाव सांगू नका. ही आमची सहावी मैफल. ह्याच जागेवर झाली."

टाळ्या थांबेनात. सुबोध आभाराचे दोन शब्द बोलायला म्हणून व्यासपीठावर चढला. बोलून सगळं आटोपायचं, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं. माईक त्यानं तोंडाशी धरला होता. पण काकांनी मालनकाकूंच्या हातून नारळ घेतला, पुढे ठेवला आणि डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

सगळं सभागृह उभं राहिलं. निम्म्याहून अधिक आमचेच लोक, कांजूरमार्गचे तर सगळेच.

"ह्या वर्साच्यो सहा मैफली तू पार पाडलंस रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"फुडल्या ऑक्टोबरापासून परत सहा मैफली, ह्याच हॉलात, जॅझ ह्या नावान, दार उघडा ठेवन पार पडांदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शंभर गळ्यांतून ते निघालं, पण सगळ्यांच्या वर एक आवाज घुमला. भिंतींवरच्या चारही स्पीकरमधून आला. खणखणीत, मनापासून, लहानपणापासून घोटलेला. सुबोधचा. माईक तोंडाशीच होता.

ते त्याच्या लक्षात आलं तेव्हा लोक त्याच्याचकडे बघत होते. त्यानं माईककडे पाहिलं, मग नारळाकडे. कान लाल झाले होते. एखाद्यानं काहीतरी सारवासारव केली असती. पण देवासमोर, आईवडिलांच्या वयाच्या माणसांसमोर, तोंडातून गेलेलं व्हय परत कसं घेणार? हे त्याला माहीत होतं, कारण तो आमच्यातलाच होता.

काकांनी नारळ फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा व्यासपीठावर जाऊन सुबोधच्या हातावर ठेवला.

"ऑक्टोबरातला दुसरा रविवार, संध्याकाळी सहा. रजिस्टरमध्ये आत्ताच लिहून ठेव. कार्यक्रमाचं नाव काय लिहिशील?"

सुबोधनं खोबरं तोंडात टाकलं, सावकाश चावलं आणि गिळलं. माईक अजून चालूच होता.

"जॅझ," तो म्हणाला.